जिनातल्या बगिच्याचा रात्रीचा फोटो

रात्रीचा फोटो कसा काढतात हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. नगरपालिकेचे अध्यक्ष स्वतः आमच्या स्टुडिओत आले, खुर्चीवर ऐसपैस बसले आणि रात्रीचा फोटो निघेल का म्हणून विचारू लागले, तेव्हा "न निघायला काय झालं?" असं म्हणून मी मोकळी झाले. माझं तोंड असंच आहे. आधी ते बोलतं, मग मला कळतं.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. नेमकं साल विचाराल तर सांगता येणार नाही. माझी धाकटी तेव्हा रांगत होती एवढं पक्कं आठवतं. वर्ध्याहून देवळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आमचं गाव, आणि गावाच्या बसस्टँडासमोर आमचा स्टुडिओ. स्टुडिओ कसला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत पडद्यावर रंगवलेला डोंगर आणि तलाव, मागच्या खोलीत डार्करूम. बोर्डावर नाव आमच्या यांचं होतं, पण लग्नसराईत हे कॅमेरा घेऊन गावोगाव फिरायचे, आणि दुकान मी सांभाळायची. फोटो काढायला, धुवायला मला यांनीच शिकवलं. लग्नाच्या मुलींचे दाखवायचे फोटो तर माझ्याकडेच यायचे. कॅमेऱ्यामागे बाई असली की पोरगी मोकळी बसते, असं त्यांच्या आया म्हणत. मोकळी कसली! मी एवढी रागवायची की पोरी श्वास रोखून बसत. फोटो मात्र छान यायचे.

घराण्यातली सून दुकानात उभी राहून परक्या माणसांना "मान वर करा, हनुवटी खाली घ्या" म्हणते, हे आमच्या नातेवाइकांना काही पचत नव्हतं. एका बारशाला सगळे जमले असताना तो विषय निघालाच. तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माही सून फोटो काढते, चोरी नाई करत." आवाज त्यांचा मोठाच होता. बॉयलरनं त्यांचे कान अर्धे खाल्ले होते, त्यामुळे आपण किती जोरानं बोलतो हे त्यांना कळायचं नाही. पण त्या दिवसापासून मी मामाजींची झाले. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मामाजी माझ्या हातचं जेवत, मीठ कमी पडलं तर सांगत, बाकी जन्मात त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं.

मामाजींनी उभा जन्म जिनात काढला. कापसातली सरकी वेगळी करून रुईच्या गठाणी बांधणारा तो कारखाना, आणि त्याचा बॉयलर मामाजी पेटवत. दिवाळी झाली की कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची ती पार उन्हाळा तोंडावर येईपर्यंत. मी रोहण्याहून नवी नवरी म्हणून आले तेव्हा सगळ्या गावाच्या केसांत रुईचे तंतू अडकलेले असत. मला वाटलं, या गावातली माणसं लवकर म्हातारी होतात. मग आणीबाणीच्या आगेमागे जिन बंद पडला. मालक निघून गेले. सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, विकले गेले, बॉयलर भंगारवाल्यानं ट्रकात घालून नेला. उरल्या भिंती, गठाणी ठेवायचे चौथरे, आणि मधोमध उभं विटांचं उंच धुराडं.

ती जागा नगरपालिकेकडे आली आणि अध्यक्षांच्या डोक्यात बगिचा शिरला. अध्यक्षांचं कापडाचं दुकान होतं. माणूस मनाचा चांगला, पण बाहेरगावी जाऊन आला की काहीतरी पाहून यायचा आणि ते आपल्या गावात पाहिजेच म्हणायचा. त्यांनी चौथऱ्यांना फरशी बसवून लोकांना बसायला जागा केली. गठाणी दाबायच्या प्रेसच्या शेडचे लोखंडी गर्डर शिल्लक होते, त्यांना झुले टांगले. एक सिमेंटचं हरीण आणलं. पोरं त्याला बकरी म्हणत, आणि पोरांचं काही चुकत नव्हतं. गुलाबाच्या वाफ्यांत मधेच कापसाची पऱ्हाटी उगवायची, कारण जमिनीत वर्षानुवर्षांची सरकी पडलेली. माळी उपटून उपटून थकला.

खरी गंमत होती ती दिव्यांची. बगिच्यात मर्क्युरीचे उंच दिवे लावले, आणि अंधार पडल्यावर गावात तेवढा उजेड दुसरीकडे कुठे नव्हता. उद्घाटन अजून व्हायचं होतं, तरी जेवणं आटोपली की लोक तिकडे निघत. बायकासुद्धा निघत, हे विशेष. मीही धाकटीला कडेवर घेऊन जायची. मामाजी मात्र कधी आले नाहीत. जिनात झुले बांधले याचा त्यांना राग होता. ते आपले घराच्या ओट्यावर धुराड्याकडे तोंड करून बसत.

आणि अध्यक्षांना नेमकं तेच धुराडं नको होतं. त्यांनी नागपूरला रंगीत कारंजं पाहिलं होतं. कारंजं बगिच्याच्या मधोमधच पाहिजे, आणि मधोमध तर धुराडं. ते पाडायला वर्ध्याच्या मोठ्या साहेबांची मंजुरी लागत होती, आणि साहेबांनी बगिच्याचे फोटो मागवले होते. दिवसाचे फोटो आमच्या यांनी काढून दिले होते. पण दिवसा बगिच्यात होती माळ्याची शेळी आणि ऊन. म्हणून आता रात्रीचा फोटो पाहिजे. लोक किती येतात ते त्यात दिसलं पाहिजे, आणि त्या धुराड्यानं मधली जागा कशी फुकट अडवली आहे तेही दिसलं पाहिजे. मी मान डोलावली. घरी जाईपर्यंत मला कळलंच नाही की मी काय कबूल करून बसले.

मामाजींना बातमी माझ्याआधी लागली होती. त्या रात्री त्यांनी अर्धी भाकर ताटातच ठेवली. हात धुऊन ते दाराशी उभे राहिले आणि त्यांच्या मानानं फारच हळू बोलले.

"सूनबाई, धुराडं पाडून राह्यले म्हंते. मी हाय तोवर राहू देल्लं असतं तं बरं झालं असतं."

मग ते म्हणाले, "फोटो काढशीन तं नीट काढजो. शेवटचाच असन त्याचा."

मला फार वाईट वाटलं. स्वतःचाही राग आला, अध्यक्षांचाही आला, आणि त्या नागपूरच्या कारंज्याचा तर असा आला की काही विचारू नका. या माणसानं माझ्यासाठी सगळ्या गोतावळ्याचं तोंड बंद केलं होतं, आणि मी त्याचंच धुराडं पाडायचा कागद रंगवणार होते. भांडी घासता घासता मी ठरवलं, फोटो काढायचा आणि असा काढायचा की धुराडं पाहून साहेबाचा हात अडला पाहिजे. ठरवायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर आम्ही दोघं बगिच्यात गेलो. यांनी कुठेतरी वाचलं होतं की रात्री कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं. आमचा कॅमेरा डबल लेन्सचा, वरून डोकावून पाहायचा. तो स्टँडवर घट्ट बसवला, केबल लावली, बटण दाबून धरलं आणि मी मनात तीसपर्यंत अंक मोजले. भोवती ही गर्दी! फ्लॅश काऊन नाही मारत, म्हणून जो तो विचारून गेला. एकजण तर आमचा फ्लॅश बिघडला असेल म्हणून घरून कंदील घेऊन येतो म्हणाला. मी त्याला जिथे होता तिथेच राहायला सांगितलं, जरा मोठ्यानंच.

रात्रीच फिल्म धुतली, सकाळी प्रिंट काढली. धुराडं असं सुंदर आलं होतं की काय सांगू! एका अंगानं उजळलेलं, वीट न् वीट मोजून घ्यावी. झाडांची पानं आली होती, दिवे आले होते, सिमेंटची बकरी आली होती. फक्त माणूस नव्हता. एकही नाही. बाजाराच्या दिवसासारखी गर्दी होती आणि फोटोत चिटपाखरू नाही. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. मग उलगडा झाला. झाकण एवढा वेळ उघडं, तेवढ्यात जो हलला तो फिल्मवर उमटलाच नाही. आणि आमच्या गावात स्वस्थ कोण उभं राहतं? नाही म्हणायला चौथऱ्यावर आडवा पडून घोरणारा एक इसम तेवढा स्पष्ट आला होता. तो घरी वर्ध्याला जातो सांगून निघाला होता. त्याच्या बायकोनं त्या फोटोची एक कॉपी मागून नेली.

अध्यक्षांनी फोटो हातात घेतला, उलटा करून पाठीमागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला. माणसं कुठे गेली म्हणाले. मी म्हटलं, हलली म्हणून गेली. त्यांचा काही विश्वास बसेना. मी मध्यरात्री गुपचूप जाऊन फोटो काढून आले, असाच त्यांचा समज झाला असावा. हा फोटो साहेबांना दाखवला तर या गावात कोणी बगिच्यात फिरकत नाही असं होईल, मग कारंजंही गेलं आणि दिव्यांचे पैसेही गेले. आणि खरं सांगायचं तर फोटो माझ्याही कामाचा नव्हता. रिकाम्या जागेत एकटं उभं धुराडं पाहून मसणवट्याची आठवण येत होती. कुणीही म्हटलं असतं, पाडा एकदाचं. म्हणजे अध्यक्षांनाही फोटोत माणसं पाहिजे होती आणि मलाही. शेवटी उद्घाटनाच्या संध्याकाळी पुन्हा फोटो घ्यायचा ठरला. त्या दिवशी सगळं गाव येणार होतं.

त्या उद्घाटनासाठी अध्यक्षांनी एक गंमत योजली होती. फीत कापताना जिनाचा जुना भोंगा वाजवायचा. भोंगा काही भंगारात गेला नव्हता. धुराड्याच्या बुडाशी एक छोटी खोली होती, तिच्या छपरावर तो तसाच होता. जिन बंद पडल्यावर त्याचं एकच काम उरलं होतं. दरवर्षी तीस जानेवारीला, हुतात्मा दिनाला, बसस्टँडावरचा टायरवाला हातगाडीवर हवेचा कॉम्प्रेसर घेऊन यायचा, त्याची नळी भोंग्याला जोडायची, आणि अकराच्या ठोक्याला मामाजी आत बसून खटका ओढायचे. एक भोंगा झाला की गाव असेल तिथे उभं. दोन मिनिटांनी दुसरा झाला की गाव चालू. सेवाग्राम आमच्या जिल्ह्यातलं. त्या दोन मिनिटांची थट्टा आमच्याकडे कुणी करत नाही. बसचा ड्रायव्हरसुद्धा गाडी बंद करून खाली उतरायचा. लहान पोरांना शाळेत पहिली शिस्त हीच लावत, की दुसरा भोंगा होईस्तोवर हलायचं नाही.

अध्यक्ष भोंग्याचं सांगायला घरी आले तेव्हा मला वाटलं मामाजी त्यांना ओट्यावरूनच वाटेला लावतील. पण मामाजी हो म्हणाले. अध्यक्ष गेल्यावर मला म्हणाले, धुराड्याखाली शेवटचा भोंगा देऊन घेतो. म्हणजे त्यांनी मनातून सोडूनच दिलं होतं. मी नव्हतं सोडलं.

उद्घाटन दिवाळीनंतरच्या गार संध्याकाळी झालं. बगिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नेहमीच्या दिव्यांबरोबर रंगीत बल्बांच्या माळा लावल्या होत्या, लाउडस्पीकर होता, सतरंज्या अंथरल्या होत्या. मी एका चौथऱ्यावर स्टँड रोवून पदर खोचून उभी, शेजारी हे टॉर्च घेऊन. भोंग्याच्या खोलीत मामाजी आणि टायरवाला. अध्यक्षांनी फीत कापली, खोलीकडे हात केला, आणि भोंग्यातून आवाज निघाला, फुस्स. एवढे बल्ब लावल्यावर वीज कमी पडली आणि कॉम्प्रेसरला काही जोर येईना. जवळचे लोक हसले. मामाजींनी तोंड बाहेर काढून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मला इतकं लागलं की हसणाऱ्यांच्या घरच्या पुढच्या सगळ्या लग्नांचे फोटो मी काळे काढायचं मनातल्या मनात ठरवून टाकलं.

मग लाउडस्पीकरवरून माझ्यासाठी सूचना झाली. फोटो निघत आहे, सर्वांनी आहे तिथे स्तब्ध उभं राहावं. झालं! जे स्तब्ध होते तेही हलले. फोटो म्हटल्याबरोबर अर्धे लोक कॅमेऱ्यासमोर यायला धावले, बायकांनी पोरांचे भांग पाडायला काढले, कोणी हात हलवून दाखवू लागला. मी चौथऱ्यावरून ओरडून ओरडून घसा बसवला. दोन फोटो घेतले, पण ते वाया गेले हे मला तिथेच कळत होतं. फिल्मवर बाराच फोटो, आणि मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. जुना काळ गेला, म्हणाले. आता नवा काळ, म्हणाले. या जुन्या पडक्या धुराड्याच्या जागी लवकरच रंगीत कारंजं उडेल, असं म्हणून त्यांनी हात वर केला, आणि भोंगा झाला.

कॉम्प्रेसरला तोवर हवा भरली होती. खोलीचं दार बंद, त्यातून मामाजींचे कान तसले. बाहेर फीत केव्हाच कापून झाली, भाषण सुरू आहे, हे त्यांना कुठून ऐकू येणार? आपल्याला भोंगा द्यायला सांगितला आहे, हवा आली, की द्यायचा. त्यांनी दिला, आणि चांगला पोटभर दिला.

आणि सगळं गाव जागच्या जागी थांबलं.

ही आपली तीस जानेवारी नव्हे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण पायांना कोण सांगणार? सतरंजीवर बसलेले उठून उभे राहिले. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. झुल्यावरच्या पोरांनी पाय टेकवून झुले थांबवले. माना खाली गेल्या. अध्यक्ष माइकसमोर, वर केलेला हात हळूच खाली आणून, डोळे मिटून उभे. शेजारी आमचे हे मान खाली घालून, आणि हातातला टॉर्च तसाच चालू, उजेड सगळा स्वतःच्या हनुवटीवर. मीसुद्धा उभी राहिले की! पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून. मग हातातली केबल बोटाला लागली आणि लख्खकन डोक्यात आलं, अगं बाई, फोटो!

मी केबल दाबली आणि मोजायला लागले. कुणी हलत नव्हतं. फोटो घेऊन झाला, तरी कुणी हलेना. आता दोन मिनिटं होत आली असतील, म्हणून जो तो दुसऱ्या भोंग्याची वाट पाहत होता. आणि दुसरा भोंगा होत नव्हता, कारण पहिल्यातच सगळी हवा संपली होती. खोलीतून नुसता कॉम्प्रेसरचा धकधक आवाज. आधी हलायचं कुणी? आपण हललो आणि खरंच कुणी मोठा माणूस गेला असला तर? मी हळूच फिल्म पुढे सरकवली. एरवी ऐकूही येत नाही तो खर्रर आवाज सगळ्या बगिच्याला ऐकू गेला. दुसरा फोटो घेतला. तिसराही घेतला. माझ्या जन्मात एवढं शहाण्यासारखं गिऱ्हाईक मला मिळालं नाही.

अखेर एकदाचा दुसरा भोंगा आला, बारीकसा, दमलेला. गावानं श्वास सोडला आणि मग एकच गलका. कोण गेलं, कोण गेलं? बघता बघता गर्दीच्या एका टोकाला दिल्लीचा कुणी मंत्री गेला आणि दुसऱ्या टोकाला गावातलाच एक म्हातारा गेला. तो म्हातारा तिथेच शेंगदाणे खात उभा होता. मग हशा पिकला. अध्यक्ष तरातरा भोंग्याच्या खोलीकडे गेले. मी मागोमाग. हे काय केलं म्हणून त्यांनी विचारलं तर मामाजी शांतपणे म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतं भोंगा द्या, दिला. बरं, एक दिला ते समजलं, पण दुसरा कशाला? "दोन द्या लागते," मामाजी म्हणाले. "नेमच हाय."

त्या रात्री डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद पाण्यात हलवताना आधी धुराडं वर आलं. मग दिवे. मग हळूहळू माणसं, एकेक करून, शेकड्यानं. टोप्या हातात घेतलेली, पदर सावरलेली, पोराच्या खांद्यावर हात ठेवलेली, आणि सगळी मान खाली घालून त्या धुराड्याभोवती उभी. मी यांना अशी हाक मारली की धाकटी झोपेतून उठून रडायला लागली.

अध्यक्ष रागानं फोटो पाहायला आले आणि पाहतच राहिले. ते स्वतः त्यात फारच शोभून दिसत होते. मोठी प्रिंट काढायला लावली आणि कोटात घालून वर्ध्याला गेले. परत आले ते स्टुडिओच्या खुर्चीवर बसून हसायलाच लागले. झालं असं होतं, की साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला. साहेब नवे, दुसऱ्या मुलखातले. त्यांनी विचारलं, गाव या धुराड्याला एवढं मानतं का? हे कुणाचं स्मारक आहे? अध्यक्षांची म्हणे पंचाईत झाली. भोंगा चुकून झाला म्हणावं, तर अध्यक्षाच्या भाषणात असा गोंधळ झाला हे कबूल करावं लागतं. शेवटी म्हणाले, "हो साहेब, आमच्या लोकांची श्रद्धा आहे." साहेब म्हणाले, मग ते पाडायचं नाव काढू नका. उलट त्यावर दोन दिवे सोडा. कारंजं फाटकाजवळ करा. पुढे ते कारंजं झालंही. कधी उडायचं, कधी नाही.

मी दुकान उघडं टाकून घरी पळाले. मामाजी ओट्यावर होते. धुराडं राहतं म्हणून मी दोनदा ओरडून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं, आणि बरं झालं म्हणाले. एवढंच. पण त्या दिवशी तिसरी भाकर मागून घेतली.

तोवर त्यांनी तो फोटो पाहिलाच नव्हता. तो पाडापाडीच्या कामाचा, म्हणून त्याच्याकडे नजरही टाकायची नाही असा त्यांचा हट्ट. जेवण झाल्यावर मी प्रिंट त्यांच्या हातात दिली. ते ती घेऊन उन्हात गेले, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. मला वाटलं, आता धुराड्याचं काहीतरी बोलतील. ते माणसांवरून बोट फिरवत होते.

"हे सारे काऊन उभे हायेत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या भोंग्यानं," मी म्हटलं. "तीस जानेवारीला उभे राहतात ना, तसेच."

"असे राह्यते?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं भोंगा दिला तो दार लावून, आत बसून. खटका ओढायचा, घड्याळाकडे पाहायचं, पुन्हा ओढायचा, आणि बाहेर यावं तर गाव चालू झालेलं. बाहेर काय होतं हे त्यांनी ऐकलं असेल, पाहिलं कधीच नव्हतं. ते ओट्यावर बसले. फोटो मांडीवर घेतला.

"मले वाटे," ते म्हणाले, "नेम हाय म्हणून द्याचा. कोनी थांबत नसन."

मी पदर तोंडाला लावून आत निघून गेले. आनंदानं रडायला मला चारचौघांसमोर आवडत नाही.

पुढच्या तीस जानेवारीला त्यांनी खटका टायरवाल्याच्या हाती दिला. त्याला चार दिवस आधीपासून शिकवत होते, रागवत होते. आणि स्वतः पांढरं धोतर नेसून, टोपी घालून, अकराच्या आधी बगिच्यात येऊन उभे राहिले. मी धाकटीला घेऊन त्यांच्या शेजारी. भोंगा झाला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. रस्त्यावर बस थांबली, ड्रायव्हर खाली उतरला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं तर मामाजी टोपी छातीशी धरून, मान चांगली वर करून, जागच्या जागी हळूहळू फिरत होते. चौथऱ्याकडे पाहिलं, झुल्यांकडे पाहिलं, फाटकाबाहेरच्या बसकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामाजी, मान खाली घाला," मी त्यांच्या कानाशी पुटपुटले.

त्यांनी उत्तर दिलं ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात, आणि त्या शांततेत ते सगळ्या गावानं ऐकलं.

"घालतो बापा. पाहू दे थोडंसं."